डॉक्टर म्हणाले, ‘अभ्यासात सहभागी व्हाल का?’ मग घरच्यांनी काय विचारायचं?

कॅन्सरचं निदान झालं की घरातल्या माणसांना पहिले काही दिवस काही सुचत नाही. तुकडा तपासायला गेलेला असतो, स्कॅनची तारीख मिळालेली असते, कुणी मुंबई गाठा म्हणतं, कुणी एखाद्या काढ्याचा पत्ता देतं. त्यातच एखाद्या दिवशी ओपीडीत डॉक्टर विचारतात, “आमच्याकडे एक अभ्यास चालू आहे. तुमचा पेशंट त्यात बसतो. सहभागी व्हाल का?”

यावर घरच्यांच्या प्रतिक्रिया साधारण दोन प्रकारच्या असतात. एक, “आमच्या बाबांवर प्रयोग करता का?” दुसरी, “नवं औषध फुकट मिळतंय ना? कुठे सही करायची ते सांगा.” पहिली भीतीतून येते, दुसरी आशेतून, आणि दोन्हीत प्रश्न विचारायचे राहून जातात. खरं तर या क्षणी रुग्णाच्या हाती बरंच काही असतं. होकार असो वा नकार, नीट प्रश्न विचारणाऱ्या घराला आपल्या आजाराची आणि उपचारांची जी समज येते, ती पुढे प्रत्येक टप्प्यावर कामी येते.

नागपूरकरांना हा प्रश्न आता अधिक वेळा ऐकू येणार. मेडिकल म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मानेवाडा रस्त्यावरचं राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट, मिहानमधलं एम्स अशी मोठी ठिकाणं या एका शहरात आहेत. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळपासून ते बैतूल, छिंदवाडा, बालाघाटपर्यंतचे रुग्ण इथे येतात. शहरातल्या कॅन्सरच्या रुग्णांची पद्धतशीर नोंद १९८० पासून ठेवली जाते. जिथे रुग्ण जास्त आणि नोंद चांगली, तिथे संशोधन होणं साहजिक आहे, आणि व्हायलाही हवं.

संशोधन म्हणजे महागडं औषधच, असं नाही

विदर्भातलंच उदाहरण घ्या. पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटून दिला जाणारा खर्रा इथल्या कित्येक तोंडांत सकाळपासून असतो. आधी तिखट लागेनासं होतं, गालाची आतली बाजू पांढुरकी आणि कडक होते, मग तोंड उघडणं कमी होत जातं. स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून उभी तोंडात जात नसतील, तर मेडिकलच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात लगेच दाखवावं. तोंडात दोन-तीन आठवडे बरी न होणारी जखम असेल तर उशीर करूच नये.

अशा रुग्णाला तोंडाचा कॅन्सर सुरुवातीच्या टप्प्यात निघाला की ऑपरेशन ठरतं, आणि घरचे विचारतात, “गाठ जिभेवर आहे, तर मानेला कशाला हात लावता?” हाच प्रश्न बरीच वर्षं सर्जनांमध्येही वादाचा होता. मानेतल्या ग्रंथी वरून निरोगी दिसत असताना त्या पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढाव्यात, की आजार तिथे पोचल्यावर काढाव्यात? मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने रुग्णांचे दोन गट करून याचा अभ्यास केला आणि २०१५ साली तो ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते, वाट पाहिलेल्या गटात ६७.५ टक्के. यात नवं औषध नव्हतं की नवं यंत्र नव्हतं. फक्त ऑपरेशनची वेळ बदलली.

दुसरं उदाहरण औषधाचं. तोंड-घशाचा कॅन्सर हाताबाहेर गेला की निव्होलुमॅबसारखं इम्युनोथेरपीचं औषध सुचवलं जातं. पूर्ण मात्रेचा खर्च सामान्य घराच्या आवाक्यात नसतो. टाटामधल्या डॉक्टरांनी नेहमीच्या २४० मिलिग्रॅमऐवजी फक्त २० मिलिग्रॅम, दर तीन आठवड्यांनी, तोंडाने घ्यायच्या औषधांच्या जोडीला देऊन पाहिलं. निव्वळ गोळ्या घेणाऱ्यांपैकी एक वर्ष जगलेले रुग्ण १६.३ टक्के होते, कमी मात्रेचं इंजेक्शनही मिळालेल्यांपैकी ४३.४ टक्के. हे रुग्ण पूर्ण बरे होण्याच्या टप्प्यापलीकडचे होते, हे विसरू नये. पण ज्यांना ‘पैसे नाहीत म्हणून काहीच नाही’ असं सांगावं लागत होतं, त्यांच्यासाठी एक वाट निघाली. तुमच्या रुग्णाला हे औषध सुचवलं असेल आणि खर्च झेपत नसेल, तर “कमी मात्रेचा पर्याय आमच्या बाबतीत चालेल का?” हे विचारायला संकोच करू नका.

रुग्णाच्या रोजच्या त्रासावरही असंच काम होतं. केमोनंतरची उलटी थांबवायला ओलान्झापिन नावाची गोळी देतात. १० मिलिग्रॅमच्या गोळीने रुग्ण दिवसभर ग्लानीत पडून राहायचा. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात २.५ मिलिग्रॅमनेही उलटी तितकीच आटोक्यात राहिली आणि गुंगी बरीच कमी झाली. स्तनाच्या कॅन्सरमध्ये किरणोपचार, म्हणजे घरच्या भाषेत ‘शेक’, पूर्वी सरसकट पाच आठवडे चालायचा. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासांनी दाखवलं की अनेक रुग्णांत १५ वेळा, म्हणजे तीन आठवड्यांतही तोच परिणाम मिळतो. अहेरी किंवा सिरोंच्याहून आलेल्या बाईसाठी दोन आठवडे कमी म्हणजे दोन आठवड्यांचं भाडं, जेवण आणि बुडालेली मजुरी वाचली.

अभ्यास चालतो कसा

नव्या औषधाची चाचणी टप्प्याटप्प्याने होते. पहिल्या टप्प्यात थोड्या रुग्णांवर मात्रा किती सुरक्षित हे पाहतात. दुसऱ्यात औषधाचा परिणाम दिसतो का हे बघतात. तिसऱ्यात शेकडो किंवा हजारो रुग्णांत त्याची तुलना आजच्या सर्वमान्य उपचाराशी होते. तुम्हाला विचारलेला अभ्यास कोणत्या टप्प्याचा आहे, हे पहिल्याच भेटीत विचारा. पहिल्या टप्प्याच्या अभ्यासातून स्वतःला मोठा फायदा होईल अशी अपेक्षा ठेवणं बरोबर नाही. तिसऱ्या टप्प्यात नवं औषध न मिळणाऱ्या गटालाही निदान आजचा सर्वमान्य उपचार तरी मिळतो.

गट ठरतात चिठ्ठी टाकल्यासारखे, संगणकाकरवी. डॉक्टर निवडत नाहीत, तुम्हालाही निवडता येत नाही. ओळख काढून “आमच्या पेशंटला नव्या औषधाच्या गटात टाका” म्हणण्यात अर्थ नाही, कारण तसं केलं तर अभ्यासाचं उत्तरच खोटं निघेल. “दुसऱ्या गटाला नुसती साखरेची गोळी देतात का?” ही भीतीही सगळ्यांना असते. कॅन्सरवर प्रस्थापित उपचार असताना रुग्णाला नुसत्या नकली गोळीवर ठेवत नाहीत. ती दिलीच तर सहसा नेहमीच्या उपचाराच्या जोडीला दिली जाते, आणि तसं संमतीपत्रात लिहिलेलं असावं लागतं.

संमतीपत्र : घाईने सही नको

या कागदावर बहुतेकांचं लक्ष शेवटच्या पानावर, सहीच्या जागेकडे असतं. खरी माहिती आधीच्या पानांत असते. अभ्यासाचा चांगला समन्वयक स्वतःच म्हणतो, “काकाजी, आज सही करायची गरज नाही. घरी न्या, वाचा, सूनबाईला दाखवा, परवा या.” असं कुणी म्हणत नसेल तर तुम्हीच म्हणा, “आम्ही घरी नेऊन वाचतो.” कागद तुम्हाला कळणाऱ्या भाषेत मिळाला पाहिजे. मराठी, हिंदी जी घरात चालते ती मागा. रुग्णाला वाचता येत नसेल तर समोर निःपक्ष साक्षीदार असावा लागतो, म्हणजे अभ्यासाशी संबंध नसलेला माणूस. सही किंवा अंगठा झाल्यावर संमतीपत्राची एक प्रत तुमच्या हाती आलीच पाहिजे.

भारतात या सगळ्याला कायद्याचा आधार आहे. २०१९ च्या नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचणी नियमांनुसार चाचणीला नैतिकता समितीची मंजुरी लागते. चाचणीमुळे रुग्णाला इजा झाली तर त्यावरचा उपचार मोफत करावा लागतो आणि नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. रुग्ण कधीही, कारण न सांगता अभ्यासातून बाहेर पडू शकतो आणि त्यामुळे त्याचा नेहमीचा उपचार थांबवता येत नाही.

घरून जाताना पुढचे प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तरंही तिथेच लिहून घ्या :

१. या अभ्यासात नेमकं काय तपासताय? औषध, मात्रा, ऑपरेशन की फक्त काळजी घेण्याची पद्धत?

२. अभ्यासात नसतो तर आज आम्हाला कोणता उपचार दिला असता?

३. अभ्यास औषध कंपनीचा आहे की संस्थेचा स्वतःचा? खर्च कोण करतंय?

४. जास्तीच्या तपासण्या किती? रक्त किती वेळा, स्कॅन किती वेळा, पुन्हा तुकडा काढणार का?

५. फेऱ्या किती वाढतील? प्रवासखर्च मिळेल का?

६. औषध आणि कोणत्या तपासण्या मोफत, आणि कोणत्या आमच्या खिशातून?

७. आतापर्यंत कोणते त्रास दिसले आहेत? रात्री दोन वाजता ताप आला तर फोन कुणाला करायचा?

८. अभ्यास संपल्यावर औषधाचा फायदा होत असेल, तर ते पुढे मिळेल का?

सातव्या प्रश्नाचं उत्तर नाव आणि नंबरासह मिळायला हवं. केमो चालू असलेल्या रुग्णाला ताप आला तर सकाळपर्यंत थांबून चालत नाही. पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असताना काही तासांत प्रकृती ढासळू शकते.

एक गोष्ट तुमच्याकडूनही प्रामाणिकपणे व्हायला हवी. काढा, जडीबुटी, भस्म, मधुमेहाच्या गोळ्या, दारू, खर्रा, जे काही चालू आहे ते डॉक्टरांना सांगा. “रागावतील” म्हणून लपवलेल्या काढ्याने यकृतावर परिणाम झाला, तर दोष औषधाचा की काढ्याचा हे कुणालाच कळणार नाही आणि चुकीच्या कारणावरून औषध थांबवलं जाईल. खर्रा सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे.

खरा अभ्यास आणि खोटा बाजार

देशातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही म्हणजे सीटीआरआय. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २००७ मध्ये ती सुरू केली आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंदणी सक्तीची झाली. नोंदणी क्रमांकात सीटीआरआय या अक्षरांपुढे वर्ष आणि महिना असतो. “आमच्या अभ्यासाचा सीटीआरआय क्रमांक द्या” एवढंच म्हणा. घरातलं कॉलेजला जाणारं पोर मोबाइलवर तो पाच मिनिटांत शोधून देईल. त्यात अभ्यासाचं नाव, टप्पा, कोणत्या रुग्णालयांत चालू आहे, किती रुग्ण घेणार, सगळं दिसतं.

आता धोक्याच्या खुणा. ‘शंभर टक्के गॅरंटी’ म्हणणारा माणूस कॅन्सरचा डॉक्टर नसतो. कॅन्सर बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे, तरी व्हॉट्सअ‍ॅपवर त्या फिरतातच. कुणी ‘संशोधन’ म्हणून लाखो रुपये आधी मागत असेल, संमतीपत्र देत नसेल, बायोप्सीचा रिपोर्ट न बघताच उपचार सुरू करत असेल, तर तिथून उठा.

खऱ्या बातमीचाही चुकीचा अर्थ लावला जातो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या सहकार्यातून तयार झालेल्या कार-टी सेल उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. परदेशापेक्षा त्याचा खर्च बराच कमी आहे, ही अभिमानाची गोष्ट. पण तो रक्ताच्या आणि लसीकाग्रंथींच्या ठरावीक कॅन्सरसाठी, तोही नेहमीचे उपचार दाद देत नसतील तेव्हा आहे. तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरसाठी त्यामागे धावून घर विकायचा विचार करू नका. नवी बातमी कानावर आली की एकच प्रश्न विचारा, “हे आमच्या प्रकारच्या आणि आमच्या टप्प्याच्या कॅन्सरमध्ये सिद्ध झालंय का?”

फाईल, पैसा आणि प्रवास

अभ्यासात जा किंवा न जा, फाईल नीट ठेवा. बायोप्सीचा रिपोर्ट, स्कॅनची सीडी, प्रत्येक केमोची तारीख आणि औषधांची मात्रा, ऑपरेशनची नोंद, डिस्चार्ज कार्ड, सगळं तारखेप्रमाणे लावा. तुकड्याच्या स्लाइड आणि मेणातला ब्लॉक प्रयोगशाळेत असतो. दुसरं मत घ्यायचं तर तो मागून न्या, नाहीतर पुन्हा तुकडा काढायची वेळ येते. दुसरं मत घेणं हा डॉक्टरांचा अपमान नाही. “आमची केस ट्यूमर बोर्डात ठेवाल का?” असंही विचारता येतं. म्हणजे सर्जन, केमोचे आणि किरणोपचाराचे डॉक्टर एकत्र बसून उपचार ठरवतात. देशातली शेकडो रुग्णालयं नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये एकत्र आली आहेत आणि कॅन्सरच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं त्यांनी तयार केली आहेत. ‘ग्रिडच्या गाइडलाइनप्रमाणे आमचा उपचार कसा बसतो?’ हा प्रश्न नागपुरातही विचारता येतो आणि मुंबईतही.

नेहमीच्या उपचाराच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. रेशन कार्ड आणि आधार घेऊन दाखल होण्याआधी त्याला भेटा. नंतर धावपळ करून मंजुरी मिळवणं अवघड जातं. चौकशीसाठी १५५३८८ हा नंबर आहे. योजनेत काय बसतं आणि अभ्यासातून काय मोफत मिळतं, या दोन याद्या वेगळ्या करून घ्या, म्हणजे बिलाच्या खिडकीवर वाद होत नाही.

मुंबईला जावं लागलंच, तर उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत असते, सोबतच्या एकाला ७५ टक्के. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र घेऊन तिकीट खिडकीवर काढावं लागतं. टाटाला जाणाऱ्या गरीब रुग्णांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा हा जुना आधार आहे. मात्र नागपुरात मिळतो तोच उपचार घ्यायला मुंबईला धावण्यात आठवडे घालवू नका. आधी दुसरं मत घ्या, मग ठरवा.

वेदना सोसत बसायचं नाही

‘पॅलिएटिव्ह केअर’ हे नाव ऐकलं की लोकांना वाटतं, डॉक्टरांनी हात वर केले. २०१० साली अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या वाढलेल्या कॅन्सरच्या रुग्णांवर अभ्यास झाला. ज्यांना निदानापासूनच ही, म्हणजे त्रास कमी करणारी परिहार सेवा मिळाली, त्यांचं जगणं अधिक सुसह्य होतं आणि ते सरासरी अधिक काळ जगलेही. म्हणून “दुखणं, झोप, खाणं, मनाची अवस्था, यासाठी आम्हाला कुणाला भेटता येईल?” हे उपचाराच्या पहिल्याच महिन्यात विचारा.

मॉर्फिनच्या गोळीची भीती सर्वांत जास्त असते. तज्ज्ञांनी ठरवून दिलेल्या मात्रेत, वेळेवर घेतलेलं मॉर्फिन कॅन्सरच्या वेदनेसाठी सुरक्षित आहे आणि व्यसन लागण्याची शक्यता फार कमी. बद्धकोष्ठ होतो, त्यावरचं औषध त्याच दिवसापासून मागा. २०१४ साली अंमली पदार्थांचा कायदा बदलल्यावर मॉर्फिन मिळणंही पूर्वीपेक्षा सोपं झालं आहे. दुखायला लागल्यावर गोळी शोधण्यापेक्षा ठरल्या तासाला घ्या.

होकार द्या किंवा नकार, तारीख चुकवू नका

अभ्यासाला नाही म्हणालात तरी कुणी तुमच्यावर नाराज होण्याचं कारण नाही. कागद वाचून, घरात बोलून, मनाला न पटल्यामुळे दिलेला नकार हा रुग्णाचा अधिकार आहे. होकार दिलात तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्याचा फायदा तुम्हाला होईलच असं नाही. आणि आज तुमच्या रुग्णाला जो उपचार मिळतोय, तो आधी कुणीतरी दिलेल्या अशाच होकारांमुळे मिळतोय. धाराशिव जिल्ह्यातल्या १ लाख ३० हजारांहून अधिक स्त्रिया गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीच्या अभ्यासात सामील झाल्या. एचपीव्ही तपासणी एकदा केली तरी या कॅन्सरने होणारे मृत्यू निम्म्यावर येतात, हे २००९ मध्ये जगाला त्यातून कळलं. तुमच्या घरात तिशी ओलांडलेल्या बायका असतील, तर त्यांनी ही तपासणी कधी करायची हे याच आठवड्यात डॉक्टरांना विचारा.

शेवटची गोष्ट सर्वांत साधी, पण सर्वांत जास्त चुकणारी. केमो किंवा शेक मध्येच सोडू नका. थोडं बरं वाटलं, सोयाबीन काढायला आलं, घरात लग्न आहे, पैसे संपले, अशा कारणांनी उपचारात खंड पडतो, आणि शेकाच्या बाबतीत तर खंडाने वाचलेल्या कॅन्सरपेशींना पुन्हा वाढायला वेळ मिळतो. अडचण आली तर गायब होण्याआधी वॉर्डातल्या समाजसेवा अधीक्षकांना किंवा आरोग्यमित्राला गाठून सांगा. राहण्याची, औषधाची, प्रवासाची सोय बऱ्याचदा निघते, पण आधी कुणाला तरी कळलं पाहिजे.